एका पडलेल्या चित्रपटाची राखण : ‘इन्साइट’ची वाटचाल

साहित्यप्रेमींच्या संस्था निघतात त्या बहुधा लेखकाच्या नावाने, भाषेच्या नावाने किंवा गावाच्या नावाने. एकाच प्रेमकथेसाठी निघालेली आणि पस्तीस वर्षं टिकलेली संस्था विरळाच. अमेरिकेतली ‘इंटरनॅशनल नेटवर्क ऑफ समव्हेअर इन टाइम एन्थुझियास्ट्स’ ही अशी संस्था आहे. तिला सगळे ‘इन्साइट’ म्हणतात. १९९० साली ती सुरू झाली. तिच्या मुळाशी आहे रिचर्ड मॅथेसन यांची १९७५ सालची कादंबरी आणि तिच्यावरून १९८० साली निघालेला, पहिल्या फेरीत सपशेल पडलेला चित्रपट. गोष्ट कालप्रवासाची आहे. एक पुरुष जुन्या छायाचित्रातल्या नटीच्या प्रेमात पडतो आणि केवळ मनाच्या बळावर तिच्या काळात जाऊन पोचतो.

अशा कथांच्या वाट्याला समीक्षेतला मान फारसा येत नाही. प्रेमकथा म्हटली की ती हलकी ठरते आणि तिच्यात कालप्रवास आला की ती पोरकट ठरते. ज्यांना त्या मनापासून आवडतात ते वाचतात आणि गप्प राहतात, कारण आवडल्याचं सांगायला समोर कुणी नसतं. इन्साइटने अशा विखुरलेल्या माणसांना एकमेकांपर्यंत पोचवलं आणि त्यांच्या आवडीला एक ठोस काम दिलं. ते काम काय होतं आणि त्यातून काय उभं राहिलं, हे सांगावंसं वाटतं, म्हणून ही वाटचाल.

छायाचित्र आणि कादंबरी : १९७५

रिचर्ड मॅथेसन हे नाव अमेरिकेत भयकथा आणि विज्ञानकथा वाचणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचं. ‘आय अ‍ॅम लेजंड’ (१९५४) आणि ‘द श्रिंकिंग मॅन’ (१९५६) या त्यांच्या कादंबऱ्या गाजल्या होत्या. ‘ट्वायलाइट झोन’ या दूरचित्रवाणी मालिकेचे ते एक प्रमुख लेखक होते आणि स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ड्यूएल’ची पटकथाही त्यांचीच. अशा लेखकाने एकदा कुटुंबासह प्रवास करत असताना नेवाडा राज्यातल्या व्हर्जिनिया सिटीत, पायपर्स ऑपेरा हाउस या जुन्या नाट्यगृहात, एका नटीचं छायाचित्र पाहिलं. नटीचं नाव मॉड अ‍ॅडम्स. अमेरिकन रंगभूमीवर १९०५ साली ‘पीटर पॅन’ साकारणारी हीच अभिनेत्री. चार्ल्स फ्रोमन हा तिचा निर्माता, आणि तो १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ जहाजाबरोबर बुडाला. मॅथेसन त्या चेहऱ्यापुढे थबकले. पुढे त्यांनी तिच्याबद्दल वाचलं, आणि एखादा माणूस अशा चेहऱ्याच्या शोधात त्याच्या काळात गेला तर काय होईल, हा विचार त्यांचा पिच्छा सोडेना.

कादंबरीसाठी त्यांनी कॅलिफोर्नियातलं सान डिएगोजवळचं ‘हॉटेल डेल कोरोनाडो’ निवडलं. १८८८ साली उघडलेलं हे समुद्रकाठचं प्रचंड लाकडी हॉटेल. मॅथेसन तिथे जाऊन राहिले आणि हॉटेलात हिंडताना मनात जे येईल ते टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवत गेले. कादंबरीतला नायक रिचर्ड कॉलियर नेमकं तेच करतो. तो छत्तीस वर्षांचा पटकथालेखक आहे, मेंदूतल्या गाठीने मरणाच्या दारात आहे, आणि एलीस मॅकेना या नटीच्या जुन्या छायाचित्राने झपाटून १८९६ सालात जाऊ पाहतो. यंत्र नाही, गुप्त दरवाजा नाही, जादूचा मंत्र नाही. आपण त्या सालातच आहोत अशी मनाची खात्री पटवत राहायचं, एवढीच त्याची साधना. जे. बी. प्रीस्टली यांचा ‘मॅन अँड टाइम’ हा ग्रंथ त्याला वाट दाखवतो.

कॉलियरचं हस्तलिखित त्याचा भाऊ आपल्यापुढे ठेवतो. भावाच्या मते हा सगळा गाठीने घडवलेला भास असू शकतो. मॅथेसन निवाडा करत नाहीत. वाचणाऱ्याने हवं ते मानावं. ‘बिड टाइम रिटर्न’ या नावाने निघालेल्या या कादंबरीला १९७६ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. चित्रपटानंतर ती त्याच्याच, म्हणजे ‘समव्हेअर इन टाइम’ या, नावाने छापली जाऊ लागली.

बिनमोटारींचं बेट : १९७९

स्टीफन डॉइच या तरुण वकिलाने कादंबरी वाचली आणि तिच्यावर चित्रपट काढायचाच म्हणून तो हॉलिवूडच्या धंद्यात शिरला. पटकथा मॅथेसन यांनी स्वतः लिहिली. दिग्दर्शक ठरले ‘जॉज २’ करून आलेले ज्यानो श्वार्क. ‘सुपरमॅन’ने जगभर पोचलेला ख्रिस्तोफर रीव्ह नायक, जेन सीमोर नायिका आणि ख्रिस्तोफर प्लमर तिचा कडक व्यवस्थापक.

अडचण जागेची होती. कोरोनाडोच्या अवतीभोवती आता विसावं शतक उभं होतं. जुना काळ दाखवायचा तर दर चौकटीत काहीतरी झाकावं लागलं असतं. शोधता शोधता मंडळी मिशिगन राज्यात, ह्यूरन सरोवरातल्या मॅकिनॉ बेटावर पोचली. या बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. माणसं पायी, सायकलने किंवा घोडागाडीने फिरतात. टेकाडावर १८८७ साली बांधलेलं पांढरंशुभ्र ‘ग्रँड हॉटेल’ आहे, आणि त्याचा ६६० फूट लांबीचा व्हरांडा जगातला सर्वांत लांब म्हणून सांगितला जातो. दोन रेल्वे कंपन्या आणि एका आगबोट कंपनीने मिळून, उन्हाळी पाहुण्यांसाठी ते उभारलं होतं. जो काळ पडद्यावर आणायचा होता, तो इथे बऱ्याच अंशी तसाच टिकून होता.

कथेचं साल १८९६ ऐवजी १९१२ केलं गेलं आणि चित्रीकरण १९७९ च्या उन्हाळ्यात झालं. नायक मोटारीने हॉटेलवर येतो त्या प्रसंगासाठी बेटावर मोटार आणायची खास परवानगी काढावी लागली. ‘मॉरल री-आर्मामेंट’ या चळवळीने बेटाच्या एका टोकाला पूर्वी चित्रीकरणाची इमारत बांधून ठेवली होती, ती आयती कामाला आली.

छायालेखक इझिडोर मॅनकॉफ्स्की यांनी एक युक्ती केली. आजच्या काळातले प्रसंग त्यांनी कोडॅकच्या फिल्मवर घेतले आणि १९१२ चे फुजीच्या फिल्मवर. फुजीवर रंग मऊ, फिक्कट येतात. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण नायक भूतकाळात डोळे उघडतो तेव्हा हवाच बदलल्यासारखी वाटते. संगीत जॉन बॅरी यांचं. एवढ्या लहान खर्चाच्या चित्रपटाला त्यांच्या तोलाचा संगीतकार परवडणारा नव्हता. जेन सीमोर यांची त्यांच्याशी मैत्री होती म्हणून ते राजी झाले. त्यांच्या संगीतासोबत रॅखमॅनिनॉव्हच्या पॅगानिनी-रॅप्सडीतला अठरावा तुकडा वापरला गेला.

पडझड आणि दुसरा जन्म : १९८० ते १९८९

३ ऑक्टोबर १९८० रोजी चित्रपट अमेरिकेत लागला. समीक्षकांनी त्याला झोडपलं. गोड, भाबडा, अशक्य, असाच एकूण सूर होता. त्यात नटांच्या संघटनेचा संप त्या वर्षी जुलैपासून चालू होता. संप चालू असताना नटांना प्रसिद्धीसाठी कुठे जाता येईना. ज्या चित्रपटाची सगळी भिस्त दोन चेहऱ्यांवर होती, ते चेहरेच लोकांसमोर येऊ शकले नाहीत. चित्रपटगृहांतून तो लवकरच उतरला. वेशभूषेसाठी ज्यां-पिएर डोर्लिआक यांना ऑस्करचं नामांकन मिळालं, एवढाच काय तो त्या वर्षीचा दिलासा.

पण ते दशक केबल दूरचित्रवाणीचं होतं. वाहिन्यांना रात्रंदिवस दाखवायला चित्रपट हवे होते आणि पडलेले चित्रपट स्वस्तात मिळत. लॉस एंजेलिसच्या झेड चॅनलने आणि पुढे इतरांनी तो पुन्हा पुन्हा दाखवला. रात्री घरात एकटं बसून पाहणाऱ्याला त्याचा भाबडेपणा खटकला नाही. पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट आल्या. बॅरी यांच्या संगीताची ध्वनिमुद्रिका चित्रपटाला मागे टाकून खपू लागली. तिकडे हाँगकाँगमध्ये तो चित्रपटगृहात महिनोन्महिने चालला. पडलेला चित्रपट एकेका घरातून उठत होता.

स्थापना : १९९०

अशाच एका प्रेक्षकाने, कॅलिफोर्नियातल्या बिल शेपर्ड यांनी, चित्रपटाला दहा वर्षं होताना इन्साइटची स्थापना केली. नटनट्यांच्या चाहत्यांची मंडळं तेव्हाही पुष्कळ होती. सही केलेला फोटो मिळवावा, वाढदिवसाला पत्र पाठवावं, एवढ्यावर त्यांचं काम थांबत असे. शेपर्ड यांनी संस्था एका नटाची न ठेवता एका कलाकृतीची ठेवली. ती घडवणाऱ्या प्रत्येकाला, लेखकापासून शिंप्यापर्यंत, तिच्यात जागा होती.

संस्थेचा कणा होतं तिचं त्रैमासिक. त्याचंही नाव ‘इन्साइट’च. त्यात चित्रपटाशी संबंधित माणसांच्या मुलाखती येत, चित्रीकरणाच्या आठवणी येत, बेटावरच्या जागांचा शोध घेतलेला असे आणि वाचकांची पत्रं असत. ते दिवस कागदी पत्रव्यवहाराचे होते. लांबच्या गावातल्या वाचकाला दर तीन महिन्यांनी टपालाने अंक येई आणि आपल्यासारखी माणसं आहेत हे कळे. चित्रपटाच्या इतिहासात ज्या गोष्टी एरवी कुणी नोंदवत नाही त्या इथे छापल्या गेल्या. अमुक प्रसंग कुठल्या वळणावर घेतला, तमुक पोशाख कसा तयार झाला, गर्दीत उभ्या राहिलेल्या माणसांना काय आठवतं. एखाद्या नामांकित कलाकृतीची अशी बारीक नोंद विद्यापीठं ठेवतात. पडलेल्या कलाकृतीची ठेवायला तिच्यावर जीव लावणारेच पुढे यावे लागतात.

ऑक्टोबरचा मेळावा

ग्रँड हॉटेल हिवाळ्यात बंद असतं. सरोवर गोठू लागण्याआधी, ऑक्टोबरच्या अखेरीस, हंगाम संपतो. हंगामाच्या या शेवटच्या टप्प्यात हॉटेलात ‘समव्हेअर इन टाइम वीकेंड’ भरतो, आणि इन्साइटच्या वर्षातला तो सर्वांत मोठा प्रसंग. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून तो चालत आला आहे.

मेळाव्याला येणारी माणसं १९१२ च्या पद्धतीचे कपडे शिवून आणतात. पायघोळ झगे, पिसांच्या रुंद हॅटा, हातमोजे, उंच कॉलरचे शर्ट, गळपट्टे, काठ्या. कपडे घालून सगळे त्या लांब व्हरांड्यावरून मिरवतात. चित्रपट ज्या हॉटेलात घडतो त्याच हॉटेलात बसून तो पाहतात. कलाकार आणि तंत्रज्ञ पाहुणे म्हणून येतात, आठवणी सांगतात, प्रश्नांना उत्तरं देतात. मॅथेसन आले, श्वार्क आले, जेन सीमोर तर एकाहून अधिक वेळा परतल्या. सरोवराकाठी जिथे नायक-नायिकेची पहिली भेट चित्रित झाली, तिथे आज खुणेचा दगड आहे. चित्रपटासाठी उभारलेला छोटा लाकडी मंडपही बेटावर जपलेला आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा वेशभूषेचा सोहळा वाटेल. पण कादंबरी वाचलेल्याला त्यामागची शिस्त ओळखू येते. कॉलियर भूतकाळात जातो तो तपशिलांच्या जोरावर. खोलीतली एकूण एक आधुनिक वस्तू तो काढून टाकतो, जुना सूट मिळवतो, त्या काळची नाणी खिशात ठेवतो. चित्रपटात पहिला प्रयत्न फसतो. मग हॉटेलच्या माळ्यावर त्याला १९१२ ची पाहुण्यांची नोंदवही सापडते आणि तिच्यात त्याची स्वतःचीच सही असते. वेळ सकाळी ९.१८, खोली क्रमांक ४१६. आपण तिथे जाऊन आलो आहोत याचा लेखी पुरावा हातात येतो आणि मग त्याचं मन जराही कच खात नाही. पुढे १९१२ मध्ये नाव नोंदवताना कारकून वेगळीच खोली देऊ लागतो तेव्हा तो घाबरतो. वेळ आणि खोली जुळली नाही तर सगळंच कोसळेल. अखेर ४१६ मिळते.

आणि परत येतो तोही एका तपशिलामुळे. सुटाच्या खिशात चुकून राहिलेलं एक सेंटचं नाणं तो सहज बाहेर काढतो. त्यावर साल असतं १९७९. त्या एका आकड्यासरशी समोरची एलीस दूर सरकत जाते आणि तो आपल्या काळात फेकला जातो. सगळ्या कालप्रवासकथांत इतकी साधी आणि इतकी निर्दय युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. मेळाव्याला येणारी माणसं बटणापर्यंत काळ जुळवतात, ते या नाण्याच्या आदरापोटी.

घड्याळाचा प्रश्न

या कथेत बंदिस्त चक्राचा एक सुरेख गुंता आहे, आणि प्रेमी मंडळी तो अनेक वर्षं उलगडत आली आहेत. चित्रपटाच्या सुरुवातीला, १९७२ साली, एक वृद्धा गर्दीतून येऊन तरुण कॉलियरच्या हातात एक खिशातलं सोन्याचं घड्याळ ठेवते आणि त्याला परत येण्याची विनवणी करून निघून जाते. त्याच रात्री ती जग सोडते. पुढे तो १९१२ मध्ये जातो तेव्हा ते घड्याळ त्याच्यापाशी असतं. नाण्याने त्याला परत खेचलं तेव्हा घड्याळ मात्र एलीसपाशी राहतं. ती ते साठ वर्षं सांभाळते आणि १९७२ मध्ये त्याला देते. मग ते घड्याळ बनवलं कुणी? कुठल्याच दुकानातून ते विकत घेतलं गेलेलं नाही. ते या दोघांमध्येच फिरत राहतं.

तर्काने पाहिलं तर ही अडचण मोठी आहे. प्रत्येक फेरीत घड्याळ साठ वर्षं जुनं होणार, तर ते कधीतरी झिजून संपायला हवं. विज्ञानकथेच्या अभ्यासकांनी या प्रकाराला विरोधाभास म्हणून बाजूला काढलं आहे. प्रेमकथेच्या बाजूने पाहिलं तर मात्र तिथेच कथेचं म्हणणं आहे. या दोघांच्या प्रेमालाही सुरुवात सापडत नाही. तिने त्याला शोधलं कारण तो आला होता. तो गेला कारण तिने घड्याळ दिलं होतं. कोण आधी, कोण नंतर, हे ठरवायला या वर्तुळात जागाच नाही.

संगीताचाही तसाच धागा आहे आणि तो मला घड्याळाहून मोलाचा वाटतो. रॅखमॅनिनॉव्हने ती रॅप्सडी रचली १९३४ मध्ये. १९१२ मध्ये होडीत बसून कॉलियर तिची धून गुणगुणतो तेव्हा एलीसला ती ठाऊक असणं शक्यच नाही. ती त्याच्याकडून ऐकते आणि जन्मभर मनात ठेवते. वृद्धापकाळी तिच्यापाशी ग्रँड हॉटेलच्या आकाराची एक संगीतपेटी असते, आणि उघडली की तीच धून वाजते. जिने एक सूर बावीस वर्षं आधी ऐकला, तिने तो पुढे कधीतरी खऱ्या वाद्यवृंदातून ऐकला असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल? चित्रपट हा प्रसंग दाखवत नाही. प्रेक्षकाने तो स्वतः पाहायचा असतो.

आपल्याकडे जन्मोजन्मीच्या गाठींच्या कथांना तोटा नाही, त्यामुळे मराठी वाचकाला ही ओढ परकी वाटणार नाही. फरक इतकाच की इथे दुसरा जन्म घ्यायचा नाही. त्याच देहाने, त्याच नावाने, चुकलेली गाडी गाठायची आहे. म्हणून ही प्रेमकथा जास्त अधीर असते आणि हातातला प्रत्येक तास मोजते.

शेजारच्या कादंबऱ्या

मॅथेसन यांची कादंबरी एकटी नव्हती. रॉबर्ट नेथन यांच्या ‘पोर्ट्रेट ऑफ जेनी’ (१९४०) मध्ये एका चित्रकाराला भेटणारी मुलगी दर भेटीत काही वर्षांनी मोठी झालेली असते. जॅक फिनी यांच्या ‘टाइम अँड अगेन’ (१९७०) चा नायक न्यूयॉर्कच्या डाकोटा या जुन्या इमारतीत राहून, जुने कपडे घालून, जुनं अन्न खाऊन १८८२ मध्ये उतरतो. मॅथेसन यांचा कॉलियर याच कुळातला. हे ऋण चित्रपटाने उघडपणे मानलं आणि नायकाला कालप्रवासाची दिशा दाखवणाऱ्या प्राध्यापकाचं नाव फिनी ठेवलं.

पुढच्या काळात हा प्रकार चांगलाच फळाला आला. केन ग्रिमवुड यांच्या ‘रिप्ले’ (१९८६) मध्ये नायक मरतो आणि तरुणपणी पुन्हा जागा होतो, असं वारंवार घडतं. त्याच फेऱ्यात सापडलेली एक स्त्री त्याला भेटते आणि दर वेळी दोघांना मिळणारा काळ आखूड होत जातो. ज्यूड डेव्हरॉ यांची ‘अ नाइट इन शायनिंग आर्मर’ १९८९ ची. डायना गॅबाल्डन यांच्या ‘आउटलँडर’ने १९९१ मध्ये दुसऱ्या महायुद्धातली परिचारिका अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये नेली आणि जगभर वाचक मिळवले. २००३ मध्ये ऑड्री निफेनेगर यांच्या ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’ने नवऱ्याच्या इच्छेविना होणाऱ्या कालप्रवासाचा भार बायकोच्या बाजूनेही सांगितला. ‘इन्साइट’ निघाली ती नेमकी या लाटेच्या तोंडाशी. आज कालप्रवासाच्या प्रेमकथांना पुस्तकांच्या दुकानात आपलं स्वतंत्र कपाट आहे. १९९० साली त्यांच्या वाचकांनी एकत्र जमणं हे धाडसच होतं.

रीव्ह यांच्यासाठी : १९९५ ते २००४

२७ मे १९९५ रोजी घोडेस्वारीच्या स्पर्धेत ख्रिस्तोफर रीव्ह घोड्यावरून पडले. मान मोडली आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. इन्साइटच्या दृष्टीने हा घरातलाच आघात होता. याच काळात संस्थेने एक काम नेटाने तडीस नेलं. हॉलिवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’वर रीव्ह यांच्या नावाचा तारा बसावा म्हणून तिने प्रयत्न केले. एप्रिल १९९७ मध्ये तो तारा बसला आणि रीव्ह स्वतः चाकांच्या खुर्चीतून समारंभाला आले. एका पडलेल्या चित्रपटाच्या प्रेक्षकांनी आपल्या नायकाला त्याच्या धंद्याच्या गावात, फरशीवर कायमचं नाव मिळवून दिलं. कुठल्याही कंपनीला यात कमाई नव्हती.

ऑक्टोबर २००४ मध्ये रीव्ह गेले. त्याच वर्षी शेपर्ड यांचं ‘द समव्हेअर इन टाइम स्टोरी’ हे पुस्तक निघालं. वर्षानुवर्षं गोळा केलेली चित्रपटाच्या घडणीची हकिकत त्यात एकत्र आली. संस्थेने केलेल्या नोंदींचं मोल अशा वेळी कळतं. माणूस गेल्यावर त्याला विचारता येत नाही, आणि त्याच्याशी बोलून ठेवलेलं असेल तेवढंच हाती उरतं.

पुढची पिढी आणि आजचा दिवस

संस्थेची सूत्रं पुढे जो अ‍ॅडी यांच्याकडे आली. १९७९ च्या चित्रीकरणात गर्दीतल्या स्त्रियांमध्ये त्या स्वतः होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात उभी राहिलेली व्यक्ती पुढे त्याच चित्रपटाच्या संस्थेची धुरा सांभाळते, यात मला या संस्थेचा स्वभाव दिसतो. मध्यभागी कोण आणि कडेला कोण, हा भेद तिथे फारसा मानला गेला नाही.

दरम्यान कथेने नवी रूपं घेतली. जपानमध्ये ताकाराझुका या केवळ स्त्रियांच्या नाट्यसंस्थेने ती रंगमंचावर आणली. २०१३ मध्ये ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये तिचं संगीत नाटक झालं. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, मॅथेसन यांचं निधन झालं. त्याआधी २०११ मध्ये जॉन बॅरी गेले होते. २०२१ मध्ये प्लमर आणि मॅनकॉफ्स्की गेले, २०२५ च्या सुरुवातीला श्वार्क गेले. २०१९ मध्ये ग्रँड हॉटेलची मालकीही बदलली. ज्या मसर कुटुंबाने १९७९ मध्ये, म्हणजे चित्रीकरणाच्याच वर्षी, ते विकत घेतलं होतं, त्याने ते एका गुंतवणूक कंपनीला विकलं. ऑक्टोबरचा मेळावा मात्र नव्या मालकीतही राहिला. २०२२ मध्ये जेन सीमोर पुन्हा बेटावर आल्या होत्या.

या सगळ्या काळात संस्थेने कुठलाही मोठा सिद्धान्त मांडला नाही. ही कलाकृती महान आहे असा ठराव केला नाही. अंक वेळेवर काढणं, माणसांना बोलतं करणं, वर्षातून एकदा जमणं आणि ज्यांचं श्रेय राहून गेलं त्यांना ते मिळवून देणं, एवढं ती करत राहिली. या चिकाटीने १९८० चा निकाल बदलला. जो चित्रपट काही आठवड्यांत विसरला गेला असता, तो आज अमेरिकेतल्या प्रेमपटांच्या यादीत हमखास येतो, आणि जी कादंबरी दुकानांतून नाहीशी झाली असती ती आजही छापली जाते. केबलवाल्यांनी चित्रपट दाखवला, संगीताने तो कानांत ठेवला, पण तो का आणि कसा घडला हे जगापुढे राहिलं ते या माणसांमुळे.

एखादं पुस्तक पहिल्या वर्षात खपलं नाही, एखादं नाटक पंधरा प्रयोगांत बंद पडलं, म्हणजे त्याचा हिशेब मिटला असं आपण फार लवकर धरून चालतो. आपल्या भाषेतही अशी कितीतरी पुस्तकं आणि नाटकं आहेत ज्यांचे चाहते एकेकटे आहेत आणि ज्यांचे कर्ते अजून हयात आहेत. त्यांच्यासाठी मोठं सभागृह लागत नाही की अनुदान लागत नाही. आवड सारखी असलेली चार माणसं शोधावी लागतात, लेखकाला, नटाला, नेपथ्य करणाऱ्याला आजच जाऊन विचारावं लागतं, आणि ऐकलेलं छापून ठेवावं लागतं. इन्साइटने १९९० पासून हेच केलं, आणि तेवढं एका प्रेमकथेला तिची जागा मिळवून द्यायला पुरलं.